१४२.३७ किलोमीटर: त्या '३७' वर माझा आक्षेप आहे

बाईकवरून फिरून आलं की अ‍ॅपमधला नकाशा ग्रुपवर टाकायचा, ही आता रीतच झाली आहे. निळी रेघ आणि खाली '१४२.३७ किमी'. दोन दशांश स्थळं म्हणजे १० मीटरपर्यंत अचूक असल्याचा दावा. तो कितपत टिकतो?

फोनचा जीपीएस मोकळ्या आभाळाखाली साधारण ५ मीटरपर्यंत जागा सांगतो. दरीत, झाडीत, उंच इमारतींमध्ये त्याहून वाईट. अ‍ॅप काय करतं, तर ठरावीक वेळाने एकेक बिंदू नोंदवतं आणि लागोपाठच्या बिंदूंमधल्या सरळ अंतरांची बेरीज करतं. इथे दोन चुका होतात, आणि गंमत म्हणजे त्या एकमेकींच्या उलट आहेत.

पहिली घाटात. समजा, ताम्हिणीसारख्या घाटात १५ मीटर त्रिज्येचं, अर्धवर्तुळाकार वळण आहे. रस्ता ४७ मीटर. ताशी २० च्या वेगाने ते साडेआठ सेकंदांत पार होतं. बॅटरी वाचवायला अ‍ॅप दर १० सेकंदांनीच बिंदू घेत असेल, तर एक बिंदू वळणाआधी आणि दुसरा थेट वळणानंतर पडू शकतो. त्या वळणाचे अ‍ॅपच्या हिशेबी फक्त ३० मीटर! १७ मीटर गेले.

दुसरी चहाच्या टपरीवर. गाडी उभी, पण अ‍ॅप चालू. आता बिंदू दर सेकंदाला घेतला जातोय आणि तो जागच्या जागी नुसता अर्धा मीटर डळमळतोय असं धरा. २० मिनिटांत ६०० मीटर 'प्रवास' झाला. काही अ‍ॅप्स गाडी थांबल्याचं ओळखून नोंद थांबवतात. सिग्नलला रेंगाळत पुढे सरकणाऱ्या गाडीचं काय, हा प्रश्न उरतोच.

त्यामुळे 'माझ्या मीटरशी जुळतं की' हा पुरावा होत नाही. एक चूक वजा, एक अधिक. बेरीज योगायोगानेही जुळते. आणि मीटर तरी काय, चाकाचे फेरे मोजतो. टायर झिजला की तोही अंतर थोडं जास्तच दाखवतो.

पण मशीन चुकतं, ही काही माझी तक्रार नाही. मोजमाप म्हटलं की चूक आलीच. खरी गोष्ट अशी की फोनला आपली चूक अंदाजे माहीत असते. अँड्रॉइड प्रत्येक बिंदूबरोबर एक त्रिज्या देतं: खरी जागा या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के. गुगल मॅप्सवर निळ्या ठिपक्याभोवती फिकट गोल दिसतो ना, त्यामागे हीच कल्पना आहे. ट्रिपची अ‍ॅप्स बहुतेक वेळा तो गोल टाकून देतात, काही तर बिंदू नकाशावरच्या रस्त्याला चिकटवतात आणि सुबक रेघ आपल्या हातात ठेवतात. रेघ जितकी सुबक, तितका आपला विश्वास जास्त.

हौशी रायडरचं यात फार बिघडत नाही. पण जिथे फिरत्या माणसाचा पेट्रोलभत्ता अशा अ‍ॅपच्या किलोमीटरवर ठरत असेल, तिथे घाटातले असे मीटर रोज, वळणावळणाला, त्याच्या खिशातून जातात. आणि त्याने वाद घातला तर समोर दोन दशांशांचा आकडा असतो.

अ‍ॅपवाल्यांनी एवढंच करावं: 'सुमारे १४२ किमी' लिहावं, अंदाज कच्चा आहे तिथे रेघ फिकट किंवा जाड काढावी. माहिती फोनमध्ये आहेच. दाखवायची तयारी हवी.