‘पाठलाग’चा प्रारंभ : दृश्य आणि नाव

रहस्यपटाच्या प्रारंभाला कथनमीमांसेचे निकष लावण्याची पद्धत आपल्या पदव्युत्तर वर्गांत आता रुळली आहे. बहुधा ती यांत्रिकपणेच पार पडते. तोदोरोव यांचा समतोल, विचलन आणि पुनःसमतोल हा आराखडा फळ्यावर काढायचा आणि चित्रपटातील प्रसंग त्याच्या रकान्यांत भरायचे. राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ (१९६४) हा चित्रपट या पद्धतीची कसोटी पाहतो.

जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या प्रमुख भूमिका आहेत. सुरुवातीलाच पत्नीचा मृत्यू होतो, तोही पतीच्या डोळ्यांदेखत. पुढे तिच्यासारखीच दिसणारी एक स्त्री पोलिसांच्या हाती लागते, आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते आणि प्रकरण न्यायालयात उभे राहते. अखेरीस उलगडते ते असे, की मृत्यू पावली ती पत्नीची जुळी बहीण होती.

विद्यार्थी साहजिकच पत्नीचा मृत्यू ‘विचलन’ या रकान्यात टाकतो. परंतु घटनांचा मूळ क्रम ध्यानात घेतला, तर विचलन त्यापूर्वीच, बहिणींची अदलाबदल झाली तेव्हाच घडून गेलेले आहे. रशियन रूपवाद्यांच्या परिभाषेत ते ‘फाबुला’त आहे; ‘सुझेत’मध्ये ते शेवटापर्यंत येत नाही. म्हणजे आराखडा भरणारा अभ्यासक नेमका तेथेच फसतो, जेथे नायक फसला आहे. असे का व्हावे, हाच येथील कळीचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर जेरार जेनेट यांच्या दृष्टिकेंद्रीकरणाच्या संकल्पनेत सापडते. प्रारंभीचा मृत्यू आपण पतीच्या जाणिवेतून अनुभवतो. एक चेहरा दिसतो. त्याला ‘पत्नी’ हे नाव पती देतो आणि ते आपण विनातक्रार स्वीकारतो. शिवाय दोन्ही भूमिका भावना यांनीच केल्या असल्यामुळे खुद्द प्रेक्षकाचा डोळाच खोट्या ओळखीचा साक्षीदार बनतो. मेयर स्टर्नबर्ग यांनी ज्याला आद्यप्रभाव म्हटले, त्याचे याहून नेमके उदाहरण मराठी चित्रपटात क्वचितच आढळेल. पहिला ठसा इतका खोल उमटतो, की नंतर आलेली जिवंत स्त्रीच आपल्याला तोतया वाटू लागते.

येथे हिचकॉकच्या ‘स्टेज फ्राइट’ (१९५०) शी तुलना उपयुक्त ठरेल. त्या चित्रपटाच्या प्रारंभी एक पात्र सांगते ती पूर्वकथा पडद्यावर साकार होते आणि अखेर ती खोटी ठरते. प्रेक्षकांना ती फसवणूक वाटली. पुढे त्रुफोशी बोलताना हिचकॉकनेही ती चूक मान्य केली. ‘पाठलाग’मधील दृश्य खोटे नाही. एक स्त्री खरोखरच मरण पावली आहे. चुकते ते तिचे नाव. जुळ्या बहिणीची क्लृप्ती जुनी आणि सोयीची आहे, हा आक्षेप प्रस्तुत लेखकाला मान्य आहे. तथापि, कॅमेऱ्याने शब्द मोडलेला नाही, हे श्रेय दिग्दर्शकाला द्यावेच लागेल.

शीर्षकातील बदलही या संदर्भात अर्थपूर्ण आहे. मूळ शीर्षक उत्तर आधीच सांगून टाकते, जरी ‘आशा’ या शब्दावरील श्लेष त्याला थोडेसे झाकतो. ‘पाठलाग’ हा शब्द सकृद्दर्शनी पोलिसी वळणाचा. चित्रपटातील ग. दि. माडगूळकर यांच्या गीतात मात्र तो प्रिय व्यक्तीच्या सतत सोबत राहणाऱ्या नजरेसाठी येतो. बार्थ यांच्या शब्दांत, एकच शब्द रहस्याच्या संकेताला आणि प्रेमकथेच्या प्रतीकाला एकाच वेळी जोडतो. राज खोसला यांनी याच कथेवर हिंदीत केलेला चित्रपट १९६६ मध्ये आला. त्याचे नाव ‘मेरा साया’. सावली म्हणताच दुसरी आकृती सूचित होते. मराठी शीर्षकाने ती सूचना कटाक्षाने टाळली होती.