पूर्वपक्षाचे स्थान : सेमिनरीतील व्याख्यान, वाद आणि चर्चासत्र

ज्या विद्यालयात अंतिम सिद्धान्त अध्ययनाच्या आरंभीच मान्य झालेला असतो, तेथे तत्त्वचिंतन होऊ शकते काय, अशी शंका कॅथलिक सेमिनरींच्या संदर्भात पुष्कळदा व्यक्त केली जाते. शंकाकाराच्या मते तेथील चर्चा म्हणजे ठरलेल्या निर्णयाचे समर्थन होय. समर्थक उलट म्हणतात की, निर्णय ठरलेला असला तरी त्याची उपपत्ती शोधणे हेही बुद्धीचेच कार्य आहे. या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट दृष्टीआड होते. श्रद्धेच्या अस्तित्वावरून किंवा अभावावरून चर्चेचा खरेपणा ठरत नाही. प्रतिपक्षाला चर्चेत कोणते स्थान मिळते यावरून तो ठरतो. सेमिनरीतील अध्यापनपद्धतीचा इतिहास या कसोटीवर तपासून पाहण्याजोगा आहे.

तेराव्या शतकातील पॅरिस विद्यापीठात ईश्वरविज्ञानाच्या आचार्याच्या प्रमुख कर्तव्यांत ग्रंथाचे व्याख्यान आणि वादसभेचे संचालन यांचा समावेश होता. व्याख्यानात आचार्य बोले व शिष्य ऐकत. वादसभेत मात्र एक प्रश्न पुढे ठेवला जाई, उपस्थितांपैकी अनेक जण आक्षेप घेत आणि त्यांना प्रथम उत्तर देण्याचे काम आचार्याच्या हाताखालील तरुण स्नातकावर पडे. नंतरच्या बैठकीत आचार्य सर्व आक्षेपांची व्यवस्था लावून आपला निर्णय सांगे. आगमनकाळात आणि उपवासकाळात होणाऱ्या विशेष सभांत तर कोणीही कोणताही प्रश्न विचारू शके. विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही आचार्याला उरत नसे. थॉमस अक्वायनसचे सत्यविषयक विवादप्रश्न (१२५६ ते १२५९) याच प्रथेतून निर्माण झाले. १२६५ च्या सुमारास आरंभिलेल्या आणि अपूर्ण राहिलेल्या त्याच्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात वादसभा संक्षिप्त रूपाने स्थिर झालेली दिसते. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी प्रतिकूल मते येतात, मग विरुद्ध बाजूचे एखादे प्रमाणवचन, नंतर ग्रंथकाराचे उत्तर आणि शेवटी आरंभीच्या प्रत्येक आक्षेपाचे स्वतंत्र निराकरण. ईश्वराच्या अस्तित्वाची चर्चासुद्धा तो अस्तित्वात नाही असे दाखविणाऱ्या आक्षेपांनीच सुरू होते.

मीमांसेच्या अभ्यासकाला ही रचना अपरिचित वाटणार नाही. विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि संगती या पाच अंगांच्या अधिकरणाशी तिचे साम्य सहज लक्षात येते. दोन्हीकडे श्रुतीचे किंवा शास्त्राचे प्रामाण्य मान्य आहे, आणि तरीही संशयाला अधिकृत स्थान आहे. न्यायसूत्रांनी केलेला कथेचा त्रिविध भेद येथे अधिक उपयोगी पडतो. वाद हा तत्त्वनिर्णयासाठी, जल्प विजयासाठी आणि वितंडा केवळ परपक्षखंडनासाठी. यांपैकी वादाचे लक्षण देताना सूत्रकाराने तो सिद्धान्ताला अविरुद्ध असावा अशी अट घातली आहे, आणि गुरू, शिष्य, सहाध्यायी अशा असूयारहित व्यक्तींशी तो करावा असे अन्यत्र सुचविले आहे. म्हणजे सिद्धान्ताचा स्वीकार आणि प्रामाणिक वाद यांत विरोध आहे, हे गृहीतच नैयायिकांना मान्य झाले नसते. मात्र त्यांनी दुसरी अट तितक्याच आग्रहाने सांगितली: पक्ष आणि प्रतिपक्ष यांचा परिग्रह व्हावयास हवा. प्रतिपक्ष कोणीतरी खरोखर धारण केलेला असला पाहिजे. सेमिनरीच्या पुढील इतिहासात नेमकी हीच अट शिथिल होत गेली.

धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी प्रत्येक धर्मप्रांतात विद्यालय असावे, असा निर्णय ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये घेतला. जेझुइट संघाच्या १५९९ च्या अध्ययनसंहितेने नियतकालिक वादसभांना अभ्यासक्रमात निश्चित स्थान दिले. पुढे पोप तेरावे लिओ यांनी १८७९ मध्ये थॉमसच्या तत्त्वज्ञानाच्या पुनरुज्जीवनाचा आदेश काढला आणि १९१४ मध्ये रोममधून चोवीस थॉमसवादी प्रमेये प्रसृत झाली. या काळात सेमिनरीच्या वर्गावर अधिराज्य केले ते लॅटिन पाठ्यपुस्तकाने. त्यातील प्रत्येक प्रकरण एका प्रमेयाने सुरू होई. त्यानंतर संज्ञांचे अर्थ, प्रश्नाची स्थिती, विरोधकांची यादी, प्रमाण आणि आक्षेपनिरसन असा क्रम असे. थॉमसच्या रचनेशी तुलना केली म्हणजे या क्रमातील बदलाचा अर्थ कळतो. तेथे आक्षेप आधी आणि उत्तर नंतर होते. येथे उत्तर आधी आले आणि आक्षेप शेवटी गेले. संशय हा अधिकरणाचा आरंभ न राहता परिशिष्ट झाला. 'विरोधक' या मथळ्याखाली ह्यूम, कांट आणि हेगेल यांची काही ओळींत बोळवण होऊ लागली.

या पद्धतीचा गुण नाकारता येणार नाही. वादसभेत आक्षेपकाने अनुमान मांडावे, उत्तरदात्याने ते शब्दशः पुन्हा उच्चारावे आणि प्रत्येक अवयवाविषयी 'मान्य', 'अमान्य' किंवा 'भेद करतो' असे सांगावे, अशी शिस्त होती. समजा, आक्षेपक म्हणाला, "जे जे ज्ञात होते ते ज्ञात्याच्या मनात असते, वृक्ष ज्ञात होतो, म्हणून वृक्ष मनात आहे." उत्तरदाता पहिल्या अवयवात भेद करील: ज्ञानाकाराने मनात असते, हे मान्य, स्वतःच्या सत्तेने मनात असते, हे अमान्य. एका शब्दात दडलेले दोन अर्थ वेगळे करण्याचे हे शिक्षण मोलाचे होते, आणि विरोधकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत उच्चारल्याशिवाय उत्तर देऊ नये हा नियम तर आजही अनुकरणीय आहे. पण आक्षेपकाची भूमिका करणारा विद्यार्थी त्याच बाकावरचा असे आणि त्याचे आक्षेपही बहुधा त्याच पुस्तकातले असत. त्याने हरावयाचे हे ठरलेले होते. जल्पात निदान दोघांनाही जिंकण्याची इच्छा असते. येथे तीही एकाच बाजूला उरली.

या कृत्रिमतेवरचा उपाय म्हणून चर्चासत्र पुढे आले. जर्मन विद्यापीठांत एकोणिसाव्या शतकात रूढ झालेल्या या पद्धतीला, पोप अकरावे पायस यांच्या १९३१ च्या संविधानाने धर्मविद्यापीठांच्या अभ्यासक्रमात प्रायोगिक अध्ययन म्हणून आवश्यक स्थान दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मगुरूंच्या शिक्षणाविषयी काढलेल्या आदेशात व्याख्यान, चर्चा आणि विद्यार्थ्यांचा स्वतंत्र किंवा गटाने केलेला अभ्यास या सर्वांची पुनर्रचना करण्यास सांगितले, आणि ज्या त्या देशात प्रभावी असलेल्या आधुनिक विचारांची दखल घेण्याचीही सूचना केली. भारतात या संक्रमणाचे एक महत्त्वाचे स्थान पुणे हे होते. १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन झालेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यास आली. अध्यापनातील लॅटिनची सक्ती १९६२ मध्ये एका फर्मानाने पुन्हा दृढ करण्याचा प्रयत्न झाला, परंतु थोड्याच वर्षांत ती सर्वत्र मागे पडली.

चर्चासत्राने विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातून मूळ ग्रंथाकडे नेले, ही त्याची निर्विवाद कामगिरी. ज्या कांटला दोन ओळी मिळत होत्या, त्याच्यावर आता संपूर्ण सत्र होऊ लागले. तथापि या रचनेत एक वेगळा दोष संभवतो. अमुक तत्त्वज्ञाच्या मते अमुक संकल्पना, अशा स्वरूपाचा निबंध वाचला जातो; श्रोते स्पष्टीकरण विचारतात; सूत्रचालक आभार मानतो. मत यथार्थपणे कळले, पण ते खरे की खोटे हा प्रश्न उभाच राहिला नाही. जुन्या वादसभेत पूर्वपक्षाला आदर नव्हता, पण उत्तर होते. नव्या चर्चासत्रात आदर मिळाला आणि उत्तर मिळेनासे झाले. ज्याचे खंडन करण्याचे कष्ट कोणी घेत नाही, त्या मताला गंभीरपणे घेतले असे म्हणता येत नाही.

या दोन्ही दोषांपलीकडे जाणारा एक प्रयत्न पुण्याच्या याच परिसरात झाला. डी नोबिली कॉलेजमध्ये दीर्घकाळ अध्यापन केलेले बेल्जियन जेझुइट रिचर्ड द स्मेट (१९१६ ते १९९७) यांनी रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठाला १९५३ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात, शंकराचार्यांची पद्धती ही मूलतः श्रुतिव्याख्यानाची, म्हणजे ईश्वरविज्ञानाची, पद्धती आहे असे प्रतिपादन केले. या प्रतिपादनाने सेमिनरीच्या विद्यार्थ्यापुढील प्रतिपक्षाचे स्वरूपच बदलते. अद्वैती हा आता एका ओळीत निकालात काढण्याजोगा 'सर्वेश्वरवादी' राहत नाही. तो प्रमाणग्रंथ मानणारा, लक्षणावृत्तीच्या आधारे अनिर्वचनीयाविषयी बोलणारा समानधर्मी ठरतो. त्याच्याशी मतभेद कोठे आहे हे सांगण्यासाठी दोन्ही परंपरांतील शब्दशक्तीचा विचार करावा लागतो. या भूमिकेवर आक्षेप घेता येईल: शंकराचार्यांना थॉमसच्या जवळ आणताना जगाच्या मिथ्यात्वाचा प्रश्न सौम्य होतो, असे परंपरानिष्ठ अद्वैती म्हणू शकेल. हा आक्षेप बलवान आहे. परंतु तो ग्रंथ घेऊ शकत नाही. घेणारा माणूस समोर असावा लागतो.

असा माणूस समोर असला म्हणजे काय होते, याचे उदाहरण सेमिनरीच्या बाहेर, पण पुण्यातच, १९८३ मध्ये घडले. प्रा. मे. पुं. रेगे यांच्या पुढाकाराने भरलेल्या 'संवाद' या परिषदेत बर्ट्रांड रसेलचा विधानविषयक विचार संस्कृतात मांडून तो पारंपरिक पंडितांपुढे परीक्षणासाठी ठेवण्यात आला. पाश्चात्त्य तत्त्वज्ञाने भारतीय विचाराचे मूल्यमापन करावे, या रूढ क्रमाच्या हे नेमके उलट होते. पंडित येथे अभ्यासाचा विषय नव्हते. ते परीक्षक होते. आपल्या परिभाषेत न बसणारा प्रश्न ऐकण्याची आणि आपली परिभाषा दुसऱ्याला समजावून देण्याची जबाबदारी दोन्ही बाजूंवर पडली. पक्ष-प्रतिपक्ष-परिग्रहाची अट येथे शब्दशः पाळली गेली.

यावरून सेमिनरीविषयीच्या मूळ शंकेचे उत्तर देता येते. सिद्धान्त मान्य असल्यामुळे वाद खोटा ठरत नाही. प्रतिपक्षी अनुपस्थित असल्यामुळे तो खोटा ठरतो. धर्मोपदेशकाचे उर्वरित आयुष्य ज्यांना त्याचा सिद्धान्त मान्य नाही अशा लोकांत जावयाचे असते, म्हणून त्याच्या शिक्षणातील ही उणीव केवळ अध्यापनशास्त्रापुरती राहत नाही. अनुयायी ओळखणार नाही अशा अद्वैताचे किंवा नास्तिक्याचे खंडन शिकून बाहेर पडलेला उपदेशक पहिल्याच खऱ्या संभाषणात निरुत्तर होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे निरुत्तर झाल्याचे त्याला कळतही नाही.

विद्यापीठांतील तत्त्वज्ञान विभागांनीही या परीक्षेतून स्वतःला वगळू नये. तेथे बंधनकारक सिद्धान्त नाही हे खरे; परंतु कोणीच कोणताही पक्ष धारण करीत नसेल, तर संशयही केवळ अभ्यासक्रमातील एक शीर्षक होऊन राहतो. व्याख्यान दोन्हीकडे आवश्यक आहे, कारण परंपरा माहीत नसताना वाद संभवत नाही. त्यानंतरच्या चर्चासत्रासाठी जुन्या वादसभेचा एक आणि नव्या चर्चासत्राचा एक नियम एकत्र करावा लागेल: प्रतिपक्ष मूळ ग्रंथावरून आणि शक्य तेथे त्याच्या खऱ्या अनुयायाच्या तोंडून मांडला जावा, आणि तो मांडून झाल्यावर उत्तरदात्याने त्याचे म्हणणे पुन्हा उच्चारून काय मान्य, काय अमान्य आणि कोठे भेद, हे स्पष्ट सांगितल्याशिवाय सभा विसर्जित होऊ नये.