बाजारात मुघल मिळत नाही

वसुबारसेच्या दोन दिवस आधी मी मुरबाडच्या बाजारात मुघल शोधत फिरत होतो. पणत्या, आकाशकंदील, रांगोळीची चाळण आणि त्यांच्या शेजारी ताडपत्रीवर मांडलेले मावळे, असं नेहमीचं दृश्य. महाराज सिंहासनावर, महाराज घोड्यावर, भालेवाला, ढाल-तलवारवाला, तोफ, दरवाजावरचे दोन पहारेकरी, डोक्यावर हंडा घेतलेली बाई, वाघ. चौथ्या ताडपत्रीवरच्या मावशी मला म्हणाल्या, "मुघल कोन घेनार दादा? ते येतच नाहीत. वाघ घेऊन जा, गुहेत ठेवायला."

वाघ घेतला. मुघलाचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. हा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे.

आमचं घर शहापूर तालुक्यात. मागच्या अंगणातून माहुलीचे सुळके दिसतात. मामाचं गाव मुरबाडकडे, सिद्धगडाच्या बाजूला. दोन्हीकडे लहानपणी किल्ले केले, पण सैन्य एकच. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळून ते एसटीने इकडून तिकडे जायचं. दर दिवाळीला दोन-चार मावळे वाढायचे, एक-दोन फुटायचे. यंदा भाच्याबरोबर डबा उघडला तेव्हा धड असलेले ४१ निघाले.

गेली दोन वर्षं मला एक वेगळा नादही लागला आहे. आसनगाव लोकलमध्ये बसून मी मोबाइलवर परदेशातल्या लोकांचे छोटे सैनिक रंगवण्याचे व्हिडिओ बघतो. साधारण २८ मिलिमीटर उंचीचे शिपाई, रोमन म्हणा, नेपोलियनचे म्हणा. ते शेकड्यांनी जमवायचे, एकेकाच्या बटणापर्यंत रंगवायचे आणि मग टेबलावर डोंगर-नद्या मांडून, फासे टाकून लढाई खेळायची. एच. जी. वेल्स या विज्ञानकथावाल्या लेखकाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहून घरच्या जमिनीवर खेळायच्या अशा लढायांचे नियमच छापले. या छंदातली एक साधी गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. तिथे सैन्य नेहमी दोन असतात. समोरचं सैन्य तुम्ही तरी रंगवता, नाहीतर तुमचा मित्र तरी. आणि फासा उलटा पडला तर वॉटर्लूला नेपोलियनही जिंकू शकतो.

आपल्याकडचा दिवाळीचा किल्ला हाही छोट्या सैन्याचाच छंद आहे. विटा, दगड, चिखलात बुडवलेलं गोणपाट, वरून अळीव नाहीतर मोहरी. जमिनीच्या बाबतीत आपण त्या टेबलवाल्यांच्या कितीतरी पुढे आहोत. ते स्पंजची झाडं विकत आणतात, आपलं गवत खरंच उगवतं आणि भाऊबीजेपर्यंत बुरुजाच्या वर जातं. पण सैन्याच्या बाबतीत, एक हौशी रंगारी म्हणून मला स्पष्ट म्हणावंसं वाटतं, आपलं काम कच्चं आहे. गरिबीमुळे किंवा साच्यामुळे नाही, ते परवडलं असतं. आपण ठरवून कच्चं ठेवलं आहे.

आधी मापाचं बघू. आमचा मावळा तीन इंचांचा. साडेपाच फुटांचा माणूस तीन इंचांत बसवायचा म्हणजे जग बावीस पटीने लहान करायचं. माहुलीची उंची २८१५ फूट सांगतात. म्हणजे पायथ्यापासून मोजला तरी अंगणातला माहुली शंभरावर फूट उंच हवा. आमचा साडेतीन फुटांचा होता. हे मी चेष्टेने सांगतोय, मुलांच्या किल्ल्याला पट्टी लावू नये. महाराज मावळ्याच्या दुप्पट असतात त्यालाही माझी हरकत नाही, जुन्या चित्रांत राजा मोठाच काढत. माझी हरकत आहे ती सगळे मावळे एकच माणूस असण्याला.

नीट बघा. भगवा फेटा, पांढरा अंगरखा, लाल शेला, हातात भाला किंवा तलवार. अलीकडे सिनेमाच्या पोस्टरचा परिणाम म्हणून दंड फुगलेत आणि दाढ्या कोरीव झाल्यात. सतराव्या शतकातल्या पायदळाला असा सरसकट गणवेश नव्हता, ज्याला जे मिळे ते तो नेसे. आणि बंदूक कुठे आहे? कोकणातले हेटकरी नेमबाजीसाठी नावाजलेले होते. ग्रँट डफच्या इतिहासातही घाटावरचे मावळे तलवारीला आणि हेटकरी बंदुकीला असा फरक येतो. शहापूर-मुरबाड घाटाखाली. म्हणजे आमच्या अंगणात निदान काही बंदूकवाले तरी उभे पाहिजेत. पण बाजाराने 'मावळा' हा एकच शब्द शिकवला आणि आम्ही तोच रंगवत बसलो.

म्हणून यंदा डबा उघडल्यावर आधी रंग उतरवले. पॉलिश पेपरने ऑइल पेंटची चकाकी घासली, भिंतीचा पांढरा प्रायमर पातळ करून एक हात दिला, मग अ‍ॅक्रिलिक. कुणाला निळीचा निळा, कुणाला मंजिष्ठेसारखा विटका लाल, बऱ्याच जणांना न रंगवलेल्या सुताचा मातकट पांढरा. वाळल्यावर तपकिरी रंगाचं अगदी पातळ पाणी अंगभर सोडलं. हे पाणी डोळ्यांच्या खोबणीत, मिशीखाली, धोतराच्या चुणीत जाऊन बसतं आणि वीस रुपयांच्या बाहुलीला वय येतं. सहा जणांचे भाले कापून रिफिलच्या नळीच्या बंदुका दिल्या, हात एम-सीलने पुन्हा वळवले. भाचा सगळं बघून म्हणाला, "हे मावळे वाटतच नाहीत. गावातले लोक वाटतात." तो तक्रार करत होता.

आता माहुली. दर दिवाळीला कुठेतरी सिंहगड होतोच: घोरपड, दोर, तानाजी. ती लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची. पुरंदरच्या तहात, १६६५ मध्ये, मुघलांना द्यावे लागलेले तेवीस किल्ले परत घेण्याची ती मोहीम होती आणि त्या तेवीसमध्ये आमचा माहुलीही होता. त्याच फेब्रुवारीत मराठ्यांनी माहुलीवर शिड्या लावल्या. किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता. हल्ला फसला. सुमारे हजार मराठे पडल्याचा आकडा इतिहासाच्या पुस्तकांत येतो. पुढे गौडाने किल्लेदारी सोडली, त्याच्या जागी अलावर्दी बेग आला आणि १६ जून १६७० ला मोरोपंत पिंगळ्यांनी माहुली घेतला.

माहुलीच्या सावलीत वाढलो, पण तो फेब्रुवारी मला शाळेत कुणी सांगितला नव्हता. १६३६ सुद्धा नाही. त्या वर्षी शहाजीराजे निजामशाहीच्या शेवटच्या बालराजाला घेऊन याच गडावर वेढले गेले, आणि इथेच त्यांना शरण जावं लागलं. आमच्या गडावरच्या सगळ्यांत मोठ्या दोन गोष्टी पराभवाच्या आहेत. त्या मांडायच्या तर बाजारातलं सैन्य निरुपयोगी आहे, कारण त्या सैन्याला हरता येत नाही. त्याच्यासमोर कुणी उभंच नाही.

तेव्हा मुघल आम्हीच करायचे ठरवलं. जुन्या मावळ्यांतले बारा निवडले. एम-सीलने फेट्यांच्या पगड्या केल्या, अंगरखे गुडघ्याखाली नेले. रंगाची वेळ आली तेव्हा भाच्याने न विचारता हिरवी डबी उघडली.

तिथे आमचा शेजारचा एक मुलगा बसला होता, भाच्याच्या वर्गातला, मुसलमान. चेहरे रंगवण्यात तो आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला, कारण त्याचा हात हलत नाही. शून्य नंबरचा ब्रश त्याच्याकडेच असतो. तो काही बोलला नाही. अंगणात लढाई खेळताना "तू मुघल" हे त्याला किती वेळा ऐकावं लागलं असेल याचा हिशोब मी आजवर केला नव्हता. मी लहान असताना मीही कुणाला तरी तसं म्हटलेलं आहे.

मनोहरदास गौड राजपूत होता. सिंहगडावरचा उदेभान राठोडही राजपूत. महाराजांच्या पायदळाच्या सुरुवातीच्या सरनोबतांत नूरबेगचं नाव येतं. पन्हाळ्याचा वेढा फोडायला निघालेल्या फौजेत सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह होते. हे सगळं मी तिथल्या तिथे सांगितलं, जरा जास्तच लांबण लावून. मुलं कंटाळली. शेजारचा मुलगा एवढंच म्हणाला, "मग गौडला कुठला रंग?" आम्ही त्याला जांभळट लाल अंगरखा दिला. हिरवी डबी गवतासाठी ठेवली.

मला वाटतं, शत्रूची बाहुली नसणं आणि शत्रूचा रंग ठरलेला असणं, या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. जी बाहुली हातात घेऊन रंगवावी लागते तिला चेहरा द्यावा लागतो. भुवया कशा, वय किती, हा माणूस कुठून आला. जी बाहुली बाजारात येतच नाही तिला चेहरा नसतो, फक्त रंग असतो, आणि तो रंग मग शेजाऱ्याच्या अंगाला लागतो.

कुणाला किती मांडायचं, हा वाद काही आपल्याकडेच होतो असं नाही. विल्यम सिबोर्न या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या लढाईची हजारो शिपायांची प्रतिकृती बनवली. लंडनमध्ये १८३८ साली ती लोकांना दाखवली. त्याने प्रशियाचे सैनिक भरपूर दाखवले, म्हणजे विजयाचं श्रेय वेलिंग्टनबरोबर दुसऱ्यांनाही गेलं. वेलिंग्टनच्या गोटाला ते रुचलं नाही. शेवटी सिबोर्नने प्रशियाचे शिपाई मोठ्या संख्येने उचलून टाकले. ते तर इंग्रजांच्या बाजूने लढलेले लोक होते!

पडलेल्यांचा प्रश्न याहून अवघड निघाला. टेबलवाले एक बाहुली म्हणजे वीस माणसं असं धरतात. त्या हिशोबाने हजार म्हणजे पन्नास मावळे. आमच्याकडे उभे ४१, त्यातले बारा मुघल झालेले. शिवाय चौथऱ्यावर उभा केलेला मावळा आडवा ठेवला तर तो मेलेला वाटत नाही, कुणाचा तरी धक्का लागून पडलेला वाटतो. भाच्याने दोन-तीन आडवे करून बघितले आणि पुन्हा उभे केले.

मग डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राचा वेगळा पुडा सापडला. वीस वर्षांत फुटलेले. मान गेलेले, हात गेलेले, अर्धे घोडे. आईने टाकून दिले नव्हते. मोजले तर २३. रंग अर्धवट उडालेले, मी घासूनही इतके बरे उडवले नसते. शिड्यांच्या पायथ्याशी ते मांडले आणि किल्ला पहिल्यांदा मला लढाईसारखा दिसला. आजी ओट्यावरून बघत होती. "मोडलेली मानसं कशाला मांडतोस रे सणासुदीला?" म्हणाली. मी म्हटलं, इथेच पडली होती. ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी तुळशीला दिवा लावून झाल्यावर एक पणती तिने शिड्यांजवळ आणून ठेवली.

गावातल्या किल्ला स्पर्धेचे परीक्षक आले. रंगकाम आवडलं, बंदुकवाल्यांचे फोटो काढले. मग एकाने जरा बाजूला घेऊन विचारलं, "पण महाराजांचा पराभव दाखवायचा का? लोक स्टेटसला टाकतील, उगाच काहीतरी होईल." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. मी १६ जूनबद्दल सांगितलं. "मग जूनच दाखवा ना," ते म्हणाले.

त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पाच दिवसांच्या सणात मुलांना जिंकलेला गड हवा असतो आणि तो हवासा वाटण्यात वाईट काही नाही. पण समीक्षक म्हणून विचाराल तर फेब्रुवारीशिवायचा जून हे पोकळ काम आहे. पहिल्या हल्ल्यात एवढी माणसं गेल्यावर चार महिन्यांत त्याच कड्याखाली पुन्हा उभं राहणं ही माहुलीची खरी गोष्ट आहे. नुसता वर फडकणारा झेंडा बघून ती कळत नाही. मावळ्यांना न हरणारे करून आपण त्यांना मोठं करत नाही. त्यांना भीती वाटली असेल, ही शक्यता काढून घेतो.

शेवटी तडजोड झाली, आणि ती मला फारशी आवडलेली नाही. पाडव्यापर्यंत फेब्रुवारी, भाऊबीजेला जून. पाडव्याच्या रात्री मुलांनी फुटलेले २३ पुड्यात गुंडाळले, गौडाला खाली उतरवून त्याच्या जागी बेग ठेवला (तोच, पगडी बदलून) आणि मोरोपंतांसाठी घोडा शोधला. नंबर आला नाही. भाऊबीजेला दुपारी पाऊस आला आणि भंडारगडाची बाजू खचली, त्यात वाघ गेला.

आवरताना मामाचा फोन आला, पुढच्या वर्षी सिद्धगड करा म्हणून. तिथे २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. मामाकडे दर वर्षी त्या दिवशी लोक वर जातात, पण दिवाळीच्या किल्ल्यात सिद्धगड म्हणजे पुन्हा तेच भालेवाले आणि तोच झेंडा. आता खाकी कपड्यातले पोलीस आणि डोंगरात लपलेले धोतर-सदऱ्यातले तरुण करायला लागतील. खाकीची डबी आणून ठेवली आहे. पोलिसांचे चेहरे कोण रंगवणार यावर मुलांची आत्ताच भांडणं चालली आहेत. शेजारच्याने सांगून टाकलंय, तो हिराजी पाटील करणार.