ठेका कुणाचा, गाणं कुणाचं? फ्लीटवूड मॅकची बदलती माणसं

फ्लीटवूड मॅकबद्दल बोलताना एक वाद हमखास निघतो. पीटर ग्रीनचा ब्लूज बँड खरा, की ‘रूमर्स’वाला?

आधी नाव बघा. १९६७ साली लंडनमध्ये हा बँड काढला ग्रीनने. गिटार त्याची, आवाज त्याचा. पण नाव दिलं ड्रमर मिक फ्लीटवूड आणि बासवादक जॉन मॅकव्ही यांचं. मॅकव्ही तर तेव्हा बँडमध्ये आलाही नव्हता! पुढे १९७० मध्ये ग्रीन गेला, मग स्पेन्सर, कर्वन, वेल्च असे एकेक गेले. ठेका धरणारे दोघे मात्र राहिले.

म्हणून कुणी म्हणतं, ठेका म्हणजेच बँड. मला हे अर्धंच पटतं. १९९५ चा ‘टाइम’ ऐका. दोघेही आहेत, सोबत क्रिस्टीन मॅकव्हीही आहे. पण बकिंगहॅम आणि निक्स नाहीत. वाजवण्यात खोट काढता येत नाही, तरी अल्बम गुळगुळीत वाटतो. अमेरिकेच्या पहिल्या दोनशेंतही तो आला नाही.

आता उलट बाजू. बकिंगहॅम आणि निक्स यांचा १९७३ चा जोडीचा अल्बम चालला नाही. तेच दोघे १९७५ च्या सुमारास या ठेक्यावर आले आणि दोन वर्षांत ‘रूमर्स’ झाला. निक्सने पुढे एकटीनेही यश मिळवलं, हे खरं. पण तिला ऐकायला लोक जमले होते ते या बँडमुळे.

‘रूमर्स’च्या वेळी मॅकव्ही पतीपत्नी वेगळे होत होते, बकिंगहॅम आणि निक्सचंही तुटलं होतं. त्या भांडणांच्या कथा आपण चवीने सांगतो. कान मात्र दुसरीकडे हवा. तीन गीतकार, तिघांचा स्वभाव वेगळा: क्रिस्टीन सरळ, निक्स गूढ, बकिंगहॅम अस्वस्थ. तिघांच्या खाली एकच जमीन. ‘द चेन’वर श्रेय पाचही जणांचं आहे, आणि शेवटाकडे गाणं वळतं ते मॅकव्हीच्या बासवर.

त्यामुळे २०१८ मध्ये बकिंगहॅमला काढून दौरा केला, तेव्हा नाव शाबूत होतं, तिकिटंही खपली. पण जुनी गाणी नीट वाजवणं वेगळं आणि ज्या ओढाताणीतून ती आली ती जिवंत असणं वेगळं. २०२२ मध्ये क्रिस्टीन गेली. आता नाव उरलंय, ओढाताण नाही. माझ्या मते बँड त्या ओढाताणीचा होता.