‘स्मृतिचित्रे’तील तोल : श्रद्धा, सोवळे आणि संसार

काही वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती मंडळीने मला व्याख्यानाला बोलावले. विषय त्यांनीच ठरवला होता : श्रद्धेच्या बळावर जीवनाचा तोल कसा राखावा. उदाहरण म्हणून लक्ष्मीबाई टिळकांवर बोला, असेही सुचवले होते. मी जन्माने ख्रिस्ती नाही आणि विद्यापीठाशीही माझा संबंध नाही. जुनी पुस्तके जमवावीत, वाचावीत, टिपणे काढावीत, एवढाच माझा अभ्यास. विषय सोपा वाटला. शाळेच्या पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यापासून ‘स्मृतिचित्रे’ माझ्या ओळखीचे होते. लहरी कवी नवरा, सोशिक आणि मिश्किल बायको, आणि शेवटी दोघांना सावरणारा ख्रिस्त, असे व्याख्यान मी मनात बांधूनही टाकले. मग पेन्सिल घेऊन चारही भाग पुन्हा वाचले आणि ते व्याख्यान कोसळले.

कोसळले ते तारखांपाशी. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा झाला १९०० साली. मधली पाच वर्षे आपण ‘विरह’ या एका शब्दात उरकतो. या पुस्तकाचा कणा मला तिथेच दिसतो. नवरा धर्म बदलून बसलेला, पदरात लहान दत्तू, माहेरची माणसे हवालदिल. बाई काही काळ पंढरपुरात राहतात, दुःखाने वेड लागायची पाळी येते. पुढे त्या नवऱ्याकडे परततात त्याही स्वतःचे सोवळे सांभाळून, वेगळा स्वयंपाक करून. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून बायकोनेही बदलायचा, ही सोय त्यांनी स्वतःला दिली नाही.

सोवळ्याचा धागा तर पुस्तकाच्या आरंभापासून आहे. १८५७च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्यानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेला जिन्नसही धुतल्याशिवाय त्या घरात खपत नसे. आपण हे प्रसंग हसत वाचतो, कारण बाई ते हसवत सांगतात. पण मांडणी पाहिली की ध्यानात येते, त्या एका रोगाची कुळकथा सांगत आहेत. भीतीने तोल गेलेल्या माणसाने शुद्धीचा आधार घेतला आणि त्या आधाराखाली घरातली बायकामाणसे भरडली गेली. म्हणजे धर्माचरणाने तोल राखता येतो तसा घालवताही येतो, हे त्या पहिल्याच पानांत सांगून ठेवतात. जीवनाच्या संतुलनासाठी धर्माकडे जाणाऱ्याने ही पाने आधी वाचावीत.

आणि म्हणूनच जात सोडण्याचा प्रसंग इतका वजनदार वाटतो. तो घडतो बाप्तिस्म्याच्या आधी. एकटीने विचार करता करता त्यांना उमगते की हा भेद देवाने केलेला नाही, माणसांनी केलेला आहे. आणि मग कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याला मन आडवे येत नाही. त्या वेळी समोर उपदेशक नाही, वादविवाद नाही. पाणी आणि अन्न यांच्यापाशी प्रश्न उभा राहिला, तिथेच तो सुटला. विश्वासाची कबुली नंतर आली. ख्रिस्ती वाचक हा क्रम पुष्कळदा उलटा लावतात आणि हिंदू वाचक त्याकडे लक्षच देत नाहीत.

हे वेगळेपण कळायला बाबा पदमनजींचे आत्मचरित्र शेजारी ठेवावे. ‘यमुनापर्यटन’कार पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४चा आणि आत्मचरित्र १८८८चे. त्याचे नावच ‘अरुणोदय’. नावातच रचना आहे : आधी अंधार, मग शंका, वाचन, वाद आणि अखेर उजाडणे. त्या पिढीतल्या धर्मांतरिताला समाजापुढे आणि स्वतःपुढे आपली बाजू मांडायची होती, त्यामुळे ती रचना तेव्हा गरजेची होती. पण तिच्यात उजाडल्यानंतरचा दिवस फारसा दिसत नाही. रोज चूल कशी पेटली, उधारी कोणी फेडली, हे तिच्या कक्षेबाहेर राहते. ‘स्मृतिचित्रे’ तो उरलेला दिवस सांगते. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेल्या या पुस्तकात बाप्तिस्मा हा कळस नाही. त्यानंतरही संसाराची ओढाताण पूर्वीसारखीच चालू राहते.

टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असे म्हणत आणि भजन-अभंगांचा वारसा त्यांनी मराठी चर्चमध्ये आणला, हे सर्वज्ञात आहे. ते खरोखर मोठे काम होते. पण तुकोबांच्या वाटेवर जिजाई असतेच. टिळक न सांगता घर सोडून जात, हातचे देऊन टाकत. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. नवऱ्याची श्रद्धा जितकी मोकळी, तितका हिशेब बायकोवर. लक्ष्मीबाई हे लपवत नाहीत. त्या चिडतात, भांडतात, टोमणे मारतात, आणि त्याच घरात पोरक्या मुलांना आणि बालकवींसारख्या कवीला जागाही करून देतात. त्यांचा विनोद मला आता तक्रारीची सभ्य रीत वाटतो. नवऱ्याला देवत्व देऊन मोकळे व्हावे किंवा त्याला दोषी ठरवून मोकळे व्हावे, या दोन्ही मोहांपासून हा विनोद त्यांना वाचवतो.

पुस्तकाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. आठवणी उतारवयातल्या आहेत. बऱ्याच प्रसंगांना सांगून सांगून आलेला गुळगुळीतपणा आहे. प्रार्थनेत त्यांना काय मिळत होते, याबद्दल बाई जवळजवळ गप्प आहेत. त्याहून मोठी उणीव दृष्टीची आहे. १८३१पासून नगरमध्ये रुजलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत मोठा भरणा अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेल्यांचा होता. त्यांच्यासाठी धर्मांतराचा अर्थ सोवळे सोडणे असा असूच शकत नव्हता; सोवळ्याने त्यांनाच बाहेर ठेवले होते. ती माणसे या पुस्तकात येतात, पण त्यांची आतली बाजू येत नाही. बाईंनी स्वतःचा विटाळ प्रामाणिकपणे सांगितला, ज्यांचा विटाळ मानला त्यांचे मन त्यांना सांगता आले नाही.

व्याख्यानात मी हे सगळे बोललो. सभा थोडी गोंधळली. त्यांना दिलासा हवा होता आणि मी तारखा देत होतो. शेवटी मी म्हणालो की लक्ष्मीबाईंचा तोल श्रद्धेने आलेला नाही, तो त्यांच्या स्वभावाचा आणि विनोदाचा आहे. कार्यक्रम संपल्यावर एक वृद्ध बाई जवळ आल्या. म्हणाल्या, “सर, तुम्ही बोललात ते पटलं, पण एक राहिलं. एवढं भांडून ती त्याच घरात राहिली ना? देव आपल्याला टाकणार नाही हे माहीत असल्याशिवाय माणसाला एवढं मोकळं भांडता येत नाही.”

मी त्यावर काही बोलू शकलो नाही. घरी येऊन ‘ख्रिस्तायन’ काढले. टिळकांनी आरंभलेले हे महाकाव्य १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले होते. दहा-अकरा अध्यायांच्या पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून ते पुरे केले. केवळ स्वभाव आणि विनोद यांच्या जोरावर कोणी चौसष्ट अध्याय लिहीत नाही. प्रार्थनेबद्दलचे जे मौन मी उणीव म्हणून टिपले होते, ते कदाचित या दुसऱ्या पुस्तकात बोलते. ‘स्मृतिचित्रे’ची आपण पारायणे केली आणि ‘ख्रिस्तायन’ कपाटात ठेवले. भांडण वाचले, भरवसा वाचला नाही. माझ्या व्याख्यानातली चूक तीच होती. पुढच्या वेळी बोलायला गेलो, तर दोन्ही पुस्तके बरोबर नेईन.