निर्नायक मौनाची संहिता

स्वायत्ततावादी राजकारणाचा विचार मराठीत बहुधा हार्ट आणि नेग्री यांच्या 'एम्पायर' (२०००) या ग्रंथाच्या आधारे मांडला जातो. पक्ष व युनियन दोहोंना झुगारणारा, नेता नसलेला समूह हा त्या मांडणीचा नायक होय. (निर्नायकतेलाही नायक लागतो, हे गमतीचेच.) तिची मुळे १९६९ साली तुरीनच्या फियाट कारखान्यात युनियनला डावलून झालेल्या संपांत आहेत. तळेगाव दाभाडे ते चाकण हा मोटारनिर्मितीचा पट्टा तुरीनशी तुलना सुचवतो. परंतु येथे निर्नायकता अवतरली ती कामगार म्हणून नव्हे, जात म्हणून.

कोपर्डीतील अत्याचारानंतर ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) निघालेल्या मराठा क्रांती मूक मोर्चाने एक विलक्षण संहिता सिद्ध केली. घोषणा नाहीत, पुढाऱ्याचे भाषण नाही. अग्रभागी मुली, मागे स्त्रिया, मग पुरुष आणि राजकारणी सर्वांत शेवटी. निवेदन द्यायचे तेही मुलींनीच. हिचा कर्ता कोण, हा प्रश्न अप्रस्तुत ठरावा अशीच तिची रचना होती. मराठी समीक्षेने 'लेखकाचा मृत्यू' सहज पचवला. पण कर्ता दृष्टिआड झाला म्हणून संहिता निर्हेतुक होत नाही. या मौनामागे शेतीच्या दुरवस्थेची खरी वेदना होती, तशीच ॲट्रॉसिटी कायद्यात बदलाची मागणीही होती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली 'मूकनायक' काढले तेव्हा मूक म्हणजे वाचा नाकारले गेलेले. येथील मौन वाचा असलेल्यांनी निवडलेले होते. पक्षापासून स्वायत्त झालेला हा समूह भावकी-सोयरिकीपासून स्वायत्त नव्हता. किंबहुना त्या जाळ्यामुळेच लाखोंची शिस्त शक्य झाली.

शिस्त सुटली तेव्हा उत्तर द्यायला कोणी नव्हते. ३० जुलै २०१८ रोजी चाकणला बसगाड्या जाळल्या गेल्या. ९ ऑगस्टला वाळूजच्या कारखान्यांची मोडतोड झाली. समन्वयकांनी हिंसेशी संबंध नाकारला. जिचा कर्ता नाही तिचा जबाबदारही नाही, ही निर्नायकतेची सोय अशा वेळी उघडी पडते. २०२३ मध्ये आंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर मनोज जरांगे यांच्या रूपाने ती रिकामी जागा भरली गेली.

तळेगावच्या जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवले, तेव्हा हजाराहून अधिक कामगारांचा लढा युनियनच्या नावाने औद्योगिक न्यायालयात गेला. त्यांच्या मागे लाखोंचा समूह चालला नाही, मूकपणेही नाही.