सुवर्णदुर्गाचा पाडाव व कमोडोर जेम्स : एका स्मारकलेखाची चिकित्सा

लंडनच्या आग्नेयेस शूटर्स हिल या टेकडीवर एक त्रिकोणाकृति मनोरा उभा असून त्यास 'सेव्हर्नड्रूग' असें म्हणतात. हें नांव म्हणजे आपल्या हर्णै बंदरासमोरील सुवर्णदुर्गाचेंच अपभ्रष्ट रूप होय. मुंबईकर इंग्रजांच्या आरमाराचा मुख्य सर विल्यम जेम्स याच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नीनें तो इ. स. १७८४ मध्यें बांधविला. मनोऱ्यावरील लेखाचा आशय असा कीं, मलबार किनाऱ्यावरील सुवर्णदुर्ग ता. २ एप्रिल १७५५ रोजीं जेम्सच्या पराक्रमानें व चातुर्यानें पडला. शिलालेख झाला तरी तो साक्षीदारच. त्याची उलटतपासणी झाली पाहिजे.

जेम्सचा चरित्रक्रम थोडक्यांत असा : इ. स. १७५१ मध्यें तो कंपनीच्या आरमाराचा कमोडोर झाला. आंग्र्यांशीं झालेल्या युद्धांत त्याचें नांव झालें. स्वदेशीं परतल्यावर तो पार्लमेंटचा सभासद व कंपनीचा डायरेक्टर झाला. १७७८ त त्यास बॅरोनेट ही पदवी मिळाली व १७८३ च्या डिसेंबरांत तो वारला. या साऱ्या उत्कर्षाचा पाया सुवर्णदुर्ग हा होय.

प्रथम स्थळ. सुवर्णदुर्ग कोंकणांत आहे. परंतु त्या काळचे इंग्रज सबंध पश्चिम किनाऱ्यास मलबार म्हणत, सबब हा दोष गणण्याचें कारण नाहीं.

दुसरी गोष्ट तिथीची. ऑर्म याच्या इतिहासाचा पहिला भाग इ. स. १७६३ त, म्हणजे या लेखापूर्वीं २१ वर्षें, प्रसिद्ध झाला. त्याच्या कथनाप्रमाणें ता. २ रोजीं तोफांचा भडिमार होऊन आग लागली, दारूखाना उडाला व पुष्कळ लोक होड्यांतून पळूं लागले. पण पुढें किनाऱ्यावरील किल्ल्यांवर मारा झाला. गोव्या किल्ल्याचा अधिकारी निवडक लोकांसह सुवर्णदुर्गांत शिरला. आणि अखेर जेम्सनें खलाशी उतरवून कुऱ्हाडींनीं दरवाजा फोडविला, तेव्हां दुर्ग हातीं आला. अर्थात् ता. २ ही माऱ्याच्या आरंभाची तिथि ठरते; ती विजयाची नव्हे असें मात्र या कथनावरून ठरत नाहीं. ऑर्म हा कंपनीचाच अभिमानी ग्रंथकार असल्यामुळें जेम्सचें यश कमी करण्याचा हेतु त्याच्या माथीं मारतां येत नाहीं.

तिसरी व महत्त्वाची गोष्ट कर्तृत्वाची. ही मोहीम पेशव्यांचा सुभेदार रामाजी महादेव व मुंबईकर यांच्यामधील करारान्वयें झाली. मराठी फौज दुरूनच गोळे टाकीत होती अशी थट्टा ऑर्म करतो. ती खरी धरिली तरी, किनाऱ्यावर पेशव्यांची फौज व समुद्रांत त्यांचीं गलबतें होतीं, हें त्याच्याच लेखणीनें सिद्ध होतें. शिवाय किल्ला मिळाला कोणास? कराराप्रमाणें सुवर्णदुर्ग पेशव्यांकडे गेला व १८१८ पर्यंत त्यांच्याकडेच राहिला. इंग्रजांच्या वांट्यास बाणकोट आलें, ज्यास त्यांनीं 'फोर्ट व्हिक्टोरिया' हें नांव दिलें. स्मारकलेखांत मित्रपक्षाचा उल्लेखही नाहीं.

तथापि या दोषांमुळें जेम्सची योग्यता नाकारणें अन्यायाचें होईल. उथळ पाण्यांत तटाच्या अगदीं निकट जहाज नेण्याचें धाडस त्याचेंच. १७५५ च्या अखेरीस विजयदुर्गाची समक्ष टेहळणीही त्यानेंच केली, आणि पुढील फेब्रुवारींत वॉटसन व क्लाइव्ह यांनीं तो किल्ला घेतला. त्या वेळीं तुळाजी आंग्र्याचें आरमार जळून गेलें. स्वतः तुळाजी पेशव्यांच्या कैदेंतच मरण पावला.

येथें आमच्या लेखकांस एक विनंति करणें प्राप्त आहे. स्मारकलेखानें पेशव्यांचें नांव गाळलें म्हणून आपण रागावतों. पण तें नांव पुनः घातलें म्हणजे त्याबरोबर जबाबदारीही येते. आपल्याच दौलतींतील बेकैद सरदारास शासन करण्याकरितां नानासाहेबांनीं परक्या आरमाराचा आश्रय केला व पश्चिम समुद्रावरील सर्वांत प्रबळ एतद्देशीय आरमार नष्ट होऊं दिलें. तुळाजीचें वर्तन कितीही उद्दाम असो, या धोरणाचा दोष जेम्सच्या पदरीं टाकतां येणार नाहीं. तो आपल्या धन्याचें काम चोख करीत होता. जेम्सचें खरें चरित्र मुंबईकरांच्या कागदांबरोबर पेशव्यांचे कागद ठेवूनच लिहिलें पाहिजे. आणि तसें लिहितांना शूटर्स हिलवरील लेखास जो न्याय लावावयाचा, तोच आपल्या अभिमानासही लावावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.